गुरुजी, सगळ्यात कडक शब्द कात्यायनीलाच का?

गुरुजी, नमस्कार.

तुम्ही नाव दिलं नाही, 'निवृत्त शिक्षक, खानापूर तालुका' एवढंच लिहिलंय, म्हणून गुरुजीच म्हणते. उत्तर तुमच्या प्रतिक्रियेखालीच टाकायला बसले होते, पण ते लांबत गेलं. म्हणून हे वेगळं.

ज्यांनी गुरुजींची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी माझ्या आवडत्या प्रेमकथांविषयी लिहिलं होतं. त्यातलं एकही माणूस धड नाही, तरी मन त्यांच्यातून निघत नाही, असं म्हटलं होतं. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मधला चक्रधर, खांडेकरांचा ययाती, कन्नड कादंबरीकार भैरप्पांच्या 'वंशवृक्ष'मधले सदाशिवराव आणि कात्यायनी. गुरुजींना ते खटकलं. त्यांचं म्हणणं असं की चक्रधर मनाने दुबळा, ययाती विषयासक्त, सदाशिवराव आपमतलबी आणि कात्यायनी तर 'घर मोडणारी, पोटच्या पोराला टाकून जाणारी'. अशांवर जीव जडतो असं एका बाईने उघड लिहावं हे शोभत नाही असं त्यांना वाटतं. सीमाभागात मराठी वाचणारी पोरं आधीच कमी, त्यांच्या हातात काय द्यायचं याचं भान हवं. आणि प्रेमच वाचायचं असेल तर आपल्या बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत वाचाव्यात.

सोपं आधी उरकते. इंदिराबाई मी वाचते. निपाणीजवळच्या तवंदीचं घराणं, आयुष्य बेळगावात, त्यांचा अभिमान मला तुमच्याइतकाच आहे. पण त्यांचे पती ना. मा. संत 1946 साली गेले आणि 'शेला' हा कवितासंग्रह आला 1951 साली. त्यानंतरच्या कवितेतला 'तो' बराचसा नसलेला माणूस आहे. गेलेल्या माणसाला नव्या चुका करता येत नाहीत, गुरुजी. चक्रधर जिवंत आहे, समोर उभा आहे, रोज नवा घोळ घालतो आहे. या दोघांना एका तराजूत घालणं इंदिराबाईंवरही अन्याय आहे.

आता सीमाभागाचं. हे मला जास्त लागलं, कारण त्यात खरं दुःख आहे. मराठी शाळांचे वर्ग कसे ओस पडत चाललेत ते तुम्ही वर्गात उभं राहून पाहिलंय, मी फक्त बाहेरून. पण म्हणून इथल्या मुलांना निवडून-पाखडून सज्जन माणसंच वाचायला द्यायची? बेळगावात 1946 साली मराठी साहित्य संमेलन झालं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथे झाला, ते आपण दरवर्षी भाषणात सांगतो. त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. त्यांच्या कादंबऱ्या कुणी उघडून बघतं का? राजकारण आहेच, पण त्याच्या जोडीला प्रेमप्रकरणं अशी की तुम्ही ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवाल. ठरावाच्या व्यासपीठावर बसलेला माणूस घोटाळ्यातल्या माणसांच्या प्रेमाविषयी लिहीत होता आणि त्याने मराठीचं काही बिघडलं नाही.

मुलांना सगळं खरंच वाटतं, हे तुमचं पुढचं म्हणणं. माझी भाची कॉलेजात आहे. शिकली इंग्रजीत, मैत्रिणींशी अर्धं कन्नड, आणि रात्री मोबाइलवर मराठी प्रेमकथा वाचते. भाग संपला की पुढच्या भागासाठी तडफडते. त्यातला नायक म्हणजे सतत कपाळाला आठ्या, एक शब्द सरळ बोलणार नाही. मी एकदा म्हटलं, असल्या माणसात काय बघतेस? ती मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली, "पुस्तकात आवडतोय की आत्या. घरात कोण आणायलंय त्याला?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या वाचनालयात 'ययाती'ची एक जुनी प्रत आहे. बांधणी दोनदा शिवलेली, पानं हळदीच्या रंगाची. त्यात वाचकांनी पेन्सिलीने शेरे मारून ठेवलेत. नियमाविरुद्ध आहे, पण मला ते कादंबरीइतकेच आवडतात. ययाती स्वतःची कीव करत बसतो तिथे एकीने लिहिलंय, 'मेल्या, आता रडतोस?' त्याखाली दुसऱ्या, तिरप्या अक्षरात, 'तरी वाईट वाटतं.' आणि त्याच्याही खाली, निळ्या शाईत, बहुतेक एखाद्या काकांनी, 'कृपया पुस्तकात लिहू नये.' त्या दोघी एकमेकींना कधी भेटल्या नसणार. पण माझ्या मनातला गोंधळ त्यांनी समासात मांडून ठेवलाय. दोन्ही वाक्यं मला पटतात, एकाच वेळी. वाचणाऱ्या बाईला माणूस कळत नाही असं कुणी म्हटलं की मला ते पान आठवतं.

इथवर भांडण झालं. पुढे मात्र मी तुमच्या बाजूला थोडी सरकते. सगळ्याच वाईट माणसांच्या प्रेमकथा मला चालतात असं नाही. आमच्या घरी सासूबाई आधी कन्नड मालिका बघतात, मग मराठी. दोन्हीकडे एक प्रसंग ठरलेला. नायक चिडून तिचं मनगट धरतो, काचेची बांगडी फुटते, कॅमेरा दोघांभोवती फिरतो आणि मागे बासरी सुरू होते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हाताला मलम लावतो आणि ती लाजते. भाषा बदलते, मनगट तेच. तो वाईट वागला याचा मला राग नाही, माणसं वागतात. राग बासरीचा आहे. तिला दुखलं का, हे त्या गोष्टीत कुणी विचारतच नाही. दुखणं म्हणजे त्याचं प्रेम सिद्ध करायची पायरी.

'रणांगण'मध्ये बासरी नाही. पुस्तक 1939 सालचं, लहानसं, एका बैठकीत होतं. युरोपातून परतणारी बोट, हिटलरच्या तडाख्यातून निघालेली ज्यू माणसं आणि त्यांच्यातली हॅर्टा. चक्रधर आधीच्या प्रेमात पोळलेला, बाईवरचा विश्वास उडालेला. हॅर्टा त्याच्यावर जीव टाकते आणि तो मात्र शेवटपर्यंत मोजूनमापून देतो. मुंबईला तो उतरतो. बोट तिला घेऊन शांघायच्या दिशेने जाते, मग तिची पत्रं येतात आणि शेवटी ती जीव देते. दुबळा म्हणालात, मान्य. पण तो दुबळेपणा बेडेकर झाकत नाहीत. तो घरी पोचला, सुटला, असं पुस्तक होऊ देत नाही. त्याच्या वाट्याला ती पत्रं येतात आणि आपल्याही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चक्रधरावर चिडले आणि हॅर्टासाठी रडले. पुढे कधीतरी पुन्हा वाचलं तेव्हा चक्रधराचीच जास्त दया आली. हे काही मला फार सुखाचं वाटलं नाही.

कारण इथेच खरी मेख आहे आणि ती तुमच्या प्रतिक्रियेने दाखवून दिली. चौघांना तुम्ही शब्द वाटलेत ते पुन्हा बघा. चक्रधर 'दुबळा'. सदाशिवराव 'आपमतलबी'. ययातीलासुद्धा एका शब्दात सोडलंत. कात्यायनीला मात्र सबंध ओळ, आणि तीत घरही आलं, पोटही आलं.

सदाशिवराव काय करतात? घरात नागलक्ष्मीसारखी बायको असताना, ग्रंथाच्या कामात साथ देणाऱ्या करुणारत्नेशी दुसरं लग्न करतात. तिच्याशिवाय ग्रंथ होणार नाही, बुद्धीला जोड हवी, असं कारण. भारताच्या संस्कृतीचा इतिहास खंडामागून खंड लिहून होतो. कात्यायनी काय करते? नंजनगूडच्या श्रोत्रियांच्या घरातली तरुण विधवा, नवरा नदीत बुडून गेलेला. ती म्हैसूरला शिकायला जाते, सदाशिवरावांच्याच धाकट्या भावाच्या प्रेमात पडते आणि लग्न करते. मुलाला न्यायला परत नंजनगूडला येते आणि रिकाम्या हाताने जाते. म्हणजे 'टाकून जाणारी' हेसुद्धा पुरतं खरं नाही, गुरुजी. ती मागायला आली होती.

एकाने जिवंत बायको असताना दुसरं लग्न केलं, दुसरीने नवरा गेल्यावर. तरी घर कुणी मोडलं म्हणायचं? आणि हे काही तुमचंच नाही. कादंबरीही तसंच करते. कात्यायनीची पोटातली मुलं एकामागून एक जातात, ती झिजत जाते. सदाशिवरावही मरतात, पण ग्रंथ पुरा करून, मानाने. भैरप्पा फार मोठे कादंबरीकार होते. श्रोत्रियांना स्वतःच्याच कुळाविषयी जे कळतं तो भाग मी अजून श्वास रोखून वाचते. पण कात्यायनीच्या बाबतीत त्यांचा काटा झुकतो, असं माझं ठाम मत आहे. उमा कुलकर्णींनी, त्याही जन्माने बेळगावच्याच, ते मराठीत इतकं सहज आणलंय की आमच्या घरी ही कन्नड कादंबरी आहे हे कुणाला आठवतही नाही. माझ्या आईच्या मैत्रिणींत यावर भांडणं व्हायची आणि कात्यायनीच्या बाजूने बोलणारी बाई बहुतेक वेळा एकटी पडायची. सदाशिवरावांवर कधी भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

मीही त्यातलीच. 'ययाती'त खांडेकरांनी ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, तिघांनाही आपापली बाजू स्वतः बोलायला दिलीय. तरी ययातीला मी समजून घेत बसते आणि देवयानीचं निवेदन आलं की पानं भराभर उलटते. तिला कचाने नाकारलंय, तिचा अपमान गिळलेला नाही, ती राजाशी लग्न करते त्यात सूड आहे. चक्रधरही पोळलेलाच ना? त्याचं पोळणं मला हळवं करतं, तिचं पोळणं मला आक्रस्ताळं वाटतं. असं का, याचं सरळ उत्तर मला सापडलेलं नाही. म्हणून तर त्या कथांकडे मी परत परत जाते. आवडतात म्हणूनही जाते, ते लपवत नाही.

एक जोड तुम्हाला सुचवते, खानापूरला बसून वाचायला अगदी योग्य. कोल्हापूरला राहणाऱ्या खांडेकरांची 'ययाती' आली 1959 साली. इकडे धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेने 1961 साली गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक काढलं, तेही 'ययाती'च. एकाच हमरस्त्यावर, दोन वर्षांच्या अंतराने, दोन भाषांत तोच राजा, आणि मधे आपलं बेळगाव. खांडेकरांना भोगामागे धावणारा आजचा माणूस दाखवायचा होता. कार्नाड तेव्हा विशीतले. त्यांनी ययातीच्या मुलाला, पुरूला, बायको दिली, चित्रलेखा. नवऱ्याने बापाचं म्हातारपण उचललं हे कळल्यावर ती सासऱ्याच्या त्यागबिगाच्या गोष्टी ऐकून घेत नाही. माझ्या नवऱ्याचं तारुण्य तुम्ही घेतलंत ना, मग त्याबरोबर जे येतं तेही घ्या, म्हणजे मलाही घ्या, असा तिचा रोख. ययाती हादरतो. ती विष पिते.

शाळेत सक्तीने शिकलेल्या कन्नडच्या भांडवलावर, अक्षर अक्षर लावत मी तो प्रवेश वाचला. विष काही मला पटलं नाही, तरुण मुलगी मारून प्रश्न मिटवायची नाटककारांना फार घाई असते. पण त्याआधीचं तिचं बोलणं! बाप थोर की मुलगा थोर या चर्चेत जिला कुणी धरलंच नव्हतं ती उठून विचारते, माझं काय? हे ऐकून घेणारी प्रेमकथा असेल तर तिच्यातला पुरुष कितीही नालायक असू दे, मी वाचेन, आवडीने वाचेन.

शेवटी तुम्ही लिहिलंय की माझा लेख वाचून तुमच्या नातीने 'रणांगण' मागितलं, दहावीची परीक्षा आत्ताच झालीय, आणि तुम्ही ते दिलं नाही. बारावीनंतर बघू म्हणालात. द्या, गुरुजी. त्या वयात आम्ही काय काय चोरून वाचलं याची यादी मी इथे देत नाही, तुमचीही असेलच. तिने आधी वाचू दे. चक्रधर कसा वाईट हे आधी सांगून ठेवू नका, ते तिला तिसऱ्या पत्रापर्यंत कळेल. नाही कळलं तर तिला मला लिहायला सांगा, भांडू.

खानापुरात प्रत मिळाली नाही तर माझी पाठवते. मलपृष्ठ निघालंय, बाकी पानं शाबूत आहेत. त्या बदल्यात तुम्ही 'वंशवृक्ष' पुन्हा काढा, सगळं नको, कात्यायनी मुलाला न्यायला येते तेवढंच प्रकरण. मग 'टाकून जाणारी' हा शब्द ठेवायचा की बदलायचा ते कळवा.