कोळपं अडगळीत टाकू नका

आमच्या मंगळवेढ्याकडच्या मुंबईकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय : 'माती हलवली की ओल उडते. नांगरट बंद, कोळपणी बंद, पाणी आपोआप राहील.' काल गावाहून धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, ज्वारीची शेवटची कोळपणी सोडून देऊ का?" म्हणून परळला बसून हे लिहितोय. कोळपणी म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधून कोळपं, म्हणजे पात्याचं अवजार, फिरवून वरची माती हलवणं.

माती हलवली की ओल उडते? ओलं रान खोल नांगरून उन्हात पालथं घातलं तर उडतेच. हेक्टरी 1 मिलिमीटर ओल गेली म्हणजे 10,000 लिटर पाणी गेलं, इथे सोसायटीत येतो तो अख्खा टँकर. दर वर्षी खोल नांगरट नको, यावर माझं भांडण नाही.

पण कोळपणीला त्याच पंगतीत बसवणं साफ चूक आहे. कोळपं दोन-तीन बोटं खोल जातं. तेवढा थर वाळतो, पण वाळलेली भुसभुशीत माती खालची ओल झाकून धरते. मातीतल्या बारीक नळ्या तुटल्याने पाणी वर चढायचं मंदावतं. तणही मरतं, आणि तण तर खोलवरचं पाणी पितं. काळ्या रानात याहून मोठं दुखणं भेगांचं. डिसेंबरात भेगेत हात घाला, मनगट सहज आत जातं. वरून ओल दिसते, आत भेगेच्या दोन्ही भिंती वाळत असतात, मुळं तुटतात. पेरणीनंतर आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं फिरवायचं ते या भेगा बुजवायला. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' असं जुनी माणसं म्हणतात ते यामुळेच. मध्येच पाऊस पडून पापुद्रा धरला, तर वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, पुन्हा कोळपावं लागतं, एवढंच.

आणि 'शून्य मशागतीत, म्हणजे रान अजिबात न हलवता, ओल राहते' हे? राहते, पण रानावर धसकटं, पालापाचोळा पडून ऊन-वारा अडत असेल तिथे. आपल्याकडे ज्वारी मुळासकट उपटतात, कडबा जनावरांपुढे जातो नाहीतर बाजारात. त्या पैशावर घरं चालतात. मग रानात उरतं काय? उघडी, घट्ट, भेगाळणारी जमीन. आच्छादनाशिवाय नुसतं हात आखडून बसलात तर ओल जाणारच, आणि मेसेजात आच्छादनाचा शब्दही नाही.

भावाला सांगितलं, दातेरी कोळपं जोड, भेगा अरुंद आहेत तोवरच.