तळणाचं तेल गाळून पॉवर टिलरमध्ये घालू नका

करवीर, कागल भागातल्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'वड्याचं उरलेलं तेल फडक्यातून गाळा, निम्मं डिझेल मिसळा, पॉवर टिलर नि मिनी ट्रॅक्टर मजेत चालतो. पहिलं डिझेल इंजिन शेंगतेलावरच चाललं होतं.'

शेंगतेलाची गोष्ट अर्धीच खरी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं, पण ते पहिलं डिझेल इंजिन नव्हतं. शिवाय आजचा पंप आणि इंजिनात डिझेलचा फवारा मारणारं नोझल पातळ डिझेलसाठी बनलेत. खाद्यतेल त्याच्या साधारण दहापट घट्ट असतं. त्यामुळं फवारा बारीक होत नाही, थेंब अर्धवट जळतात.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी पंप-नोझलचं काम करतो. परवाच एक टिलर आला. नोझलच्या टोकावर काजळीची टोपी, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटलेल्या, आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल पाकासारखं दाटलेलं. मालकानं पंधरा दिवस हेच मिश्रण घातलं होतं. इंजिन सुरू होतं, गरम झाल्यावर बरंही चालतं, म्हणूनच माणूस फसतो.

तळणाच्या तेलापासून इंधन होतं, ते बायोडिझेल. त्यासाठी मिथेनॉलबरोबर रासायनिक प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढावं लागतं, मग धुवून पाणी काढायचं. नुसतं गाळून ते होत नाही. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, त्यामुळं घरी प्रयोग नकोच.

ऊस भरणीच्या ऐन दिवसांत टिलर बंद पडला तर नुकसान आपलंच. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.