पाव्हणं जर्मनीला निघाल्यात

नाताळच्या सुट्टीत पोराकडं, नाहीतर पुतण्याकडं जर्मनीला जायचं ठरलंय? अभिनंदन! तुमची सोय तिथं होणारच आहे. तिथल्याची गैरसोय काही शिल्लक न ठेवता कशी करायची, एवढंच शिकायचं राहिलंय. खालच्या सूचना परवा विमानतळावर, बाहेर यायच्या दाराशी दोन तास ताटकळताना सुचल्यात. ताज्या आहेत.

आधी एक, तारीख कळवायची घाई करू नका. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधी करता येतो, म्हणजे डिसेंबरसाठी जून-जुलैतच. पण तेव्हा पंचगंगा पात्राबाहेर आलेली असते, मग गणपती, मग नवरात्रात अंबाबाई, मग दिवाळी. फराळाचे डबे घासून पालथे घातले की मगच फोन लावायचा, "आम्ही सहाजण येतोय रे." तोवर अर्जासाठीच्या नाताळाआधीच्या वेळा भरलेल्या असतात. असू देत. रिकामी वेळ सापडते का हे पोरगं ऑफिसात बसून दर तासाला बघेल. दुसरं काम काय असतंय त्याला?

मग हमीपत्र. तिथल्या सरकारी कार्यालयात पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार दाखवून, 29 युरो भरून, पोरगं लिहून देतं की पाहुण्यांच्या राहण्याखाण्याचा, आजारपणाचासुद्धा खर्च माझ्यावर. हे वाक्य तुम्ही अगदी मनावर घ्या. 30,000 युरोचा प्रवास विमा सक्तीचा आहे, तर त्यातला सगळ्यात स्वस्त घ्या, ज्यात आधीपासूनचा बीपी आणि शुगर धरलेली नसते. गोळ्याही दहाच दिवसांच्या न्या. तिथं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या मिळत नाहीत आणि नाताळात दवाखाने बंद असतात. घरात चार दिवस दुसरा विषय निघणार नाही.

पायात कोल्हापुरी चप्पलच असू द्या. कातडं बर्फाच्या पाण्यात भिजून फुगतं, तळ गुळगुळीत, खाली गोठलेला फुटपाथ. पुढचं आपोआप होतं.

"आलोच आहे तर लंडन पण करू," हे तिथं पोचल्यावर, जेवताना सांगावं. शेंगेनचा व्हिसा, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो, लंडनला चालत नाही, हे पोरगं समजावून सांगायला लागलं की "पाटलांचा पोरगा घेऊन गेला की," एवढं म्हणून आमटी वाढून घ्यावी.

बाथरूममध्ये फरशीला पाणी जायची जाळी तिथल्या बहुतेक घरांत नसते. पाणी सांडायचं ते टबात, नाहीतर शॉवरच्या काचेआड. तुम्ही टबाबाहेर बादली ठेवून तांब्यानं घ्या. पाणी दाराखालून पॅसेजात जातं, तिथल्या लॅमिनेटच्या पट्ट्या सांध्यावर फुगतात आणि एकदा फुगलेली पट्टी परत बसत नाही. घर सोडताना मालक डिपॉझिटमधून कापेल. तोवर तुम्ही राजारामपुरीत चहा पीत असाल.

स्वयंपाकघराचं वेळापत्रक मात्र पाठ करा. 24 तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात ती 25 आणि 26 ला उघडतच नाहीत, आणि पुढं रविवार आला तर तोही गेला. म्हणून मटण 25 ला सकाळीच आठवलं पाहिजे. सुनेनं आधीच तुर्की दुकानातून आणून फ्रीझरला टाकलं असेल, तर "बर्फातलं आहे होय," म्हणावं. घरचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर न्यायला विसरू नका, इंडक्शनवर तो तापतच नाही. पांढऱ्या रश्श्याला खसखस तिथल्या सुपरमार्केटातलीच वाटायला लावा. ती निळसर काळी असते. रस्सा ओल्या सिमेंटच्या रंगाचा होतो, आणि हा विषय रंकाळ्यावर फिरताना वर्षभर पुरतो. तांबड्याला कट यायला तेल धूर निघेस्तोवर तापवायचं, स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायचं. शेगडीवरचा पंखा बऱ्याच घरांत धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत घरातच सोडतो. पॅसेजच्या छताला धुराचा अलार्म कायद्यानंच लावलेला असतो. तो ओरडला की सुनेनं स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालायचा, शेजारणीची माफी मागायची, आणि तुम्ही खालून विचारायचं, "कसली मेली घरं ही!"

आता बॅग. माणशी 23 किलोची, त्यात सहा किलो तरी दुसऱ्यांचं पाहिजे. गल्लीतल्या काकूंच्या भाच्याला चिवडा, मेहुण्याच्या मित्राला गूळ. तो मित्र 400 किलोमीटरवर राहतो, पोरगं पोचवून येईल. पुडकं उघडून बघू नका, वाईट दिसतं. "बॅग स्वतः भरलीय का?" या प्रश्नाला हसून हो म्हणायचं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तळाशी घाला. त्यातल्या तेलामुळं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानात चालत नाही, मुंबईलाच बॅग उघडायला लावतात. कढीपत्ता ताजा न्या, त्याला रोगमुक्तीचा दाखला लागतो आणि तो तुमच्याकडं नसतो. नारळाला कागद लागत नाही, पण तो कशाला न्यायचा? जे चालतं ते नेण्यात काय मजा?

आणि पेढे. पेढे तर पाहिजेतच. दोन किलो, वर तुपाचा डबा. दूध, दुधाचं काहीही आणि मटण-मांस बाहेरच्या देशातून युरोपात न्यायला बंदी आहे. तूप, खवा, चक्का, वाळवलेल्या मटणापासून मटणाच्या लोणच्यापर्यंत सगळं त्यात आलं. डबा सीलबंद असला तरी. हे चार वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं असतं. चारही वेळा खाली अंगठा आलेला असतो. तरी पेढे असतात! स्वेटरात गुंडाळून! आणि हिरव्या दारातून. हिरवं दार म्हणजे "माझ्याकडं दाखवण्यासारखं काही नाही" असं सरकारला सांगणं, ते वाट जवळची म्हणून नसतं. पकडल्यावर वर म्हणायचं, "प्रसाद आहे हो, त्याला काय होतंय?"

काय होतंय ते ऐका. बंदी प्रसादावर नाही, जनावरांच्या लाळ्या-खुरकुत रोगावर आहे. त्याचा विषाणू दुधातून जातो. जर्मनीत 1988 नंतर तो नव्हता, आणि 2025 च्या जानेवारीत बर्लिनजवळ सापडला तो म्हशींतच. अख्खा कळप गेला, आजूबाजूची जनावरं मारली, बाहेर देशी जाणारं मांस-दूध अडलं. गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून दूध पिणारी माणसं आपण. दावणीला लाळ्या आला की गोठ्याचं काय होतं, हे आपल्याला जर्मन माणसानं शिकवायचं?

आणि दंड कोण भरतो? पोरगं. तुमच्या पासपोर्टवर नाव तुमचं, पण कार्ड त्याचं. सहा तास गाडी चालवून न्यायला आलेलं असतं ते. वर्षाच्या रजेतले दहा दिवस तुमच्यासाठी मोडलेले असतात, सुनेचेही तेवढेच. तिला माहेरी यायला त्या रजा पुरल्या असत्या. त्या घरात धुणंभांड्याला बाई नाही. जेवल्यावर ताट उचलून बेसिनपर्यंत न्यायला काय हात मोडतात? पाटलांच्या पोराशी तुलना करताय, पाटलांनी तारखा जूनमध्ये विचारल्या होत्या, हे सांगत नाही तुम्ही. यायला कोण नको म्हणतंय? विचारून या. सांगितलेलं वाचून या, अंगठा पाठवायला नाही. औषधं पुरेशी आणा, विमा धड काढा, आंघोळ काचेआड करा. गल्लीचं कुरिअर घेऊन येऊ नका.

चटणी तेवढी आणा. कांदा-लसणाची, उन्हाळ्यात कांडलेली, एक किलो. हवा पूर्ण काढून सील केलेली, दुहेरी पिशवीत. हवा राहिली तर वर दाब कमी झाल्यावर पिशवी फुगते आणि स्वेटर तांबडे होतात. बॅगेत वर ठेवा आणि विचारलं तर दाखवा. चटणीला कोण अडवत नाही.