सरासरीत न दिसणारी मुलं : सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. मुलांच्या मोबाइल-वापराविषयीच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आक्षेप घेतलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पूर्वी टीव्हीच्या नावानं बोटं मोडली, आता इन्स्टाग्रामच्या; ऑक्सफर्डच्या अभ्यासात तर मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरक मोबाइल-स्क्रीनच्या वापराशी जोडता आला. पुण्यातल्या पोरांना खरा ताण क्लासचा आहे आणि मी आयांना उगाच घाबरवते.

आकडा बरोबर आहे. ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या तिथल्या संशोधकांनी २०१९मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली, त्यातला तो. पण ती सगळ्यांची मिळून गोळाबेरीज. व्हिडिओ बघून तबला शिकणारा आणि रात्री दोनला स्वतःच्या फोटोचे लाइक मोजणारी, दोघंही तीत आले. त्याच ऑर्बेनबाईंचा २०२२चा अभ्यासही वाचा. ब्रिटनमधल्या मुलांची वयं वेगळी काढल्यावर दिसलं की, मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलग्यांमध्ये १४-१५ या वयात सोशल मीडियाचा वापर वाढला, तर वर्षभरानं आयुष्याबद्दलचं समाधान कमी झालेलं असतं. (१९च्या आसपास पुन्हा, दोघांतही.) एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, हे तुम्ही म्हणालच, मान्य. पण ११ ते १३ म्हणजे आपली सहावी ते आठवी. ‘क्लासच्या ग्रुपला लागतो’ म्हणून पहिला फोन हातात येतो तो बहुधा याच सुमारास.

आणि म्हणूनच क्लास की फोन, हा वाद मला पटत नाही. टिळक रोडवरचा क्लास सुटून, ट्रॅफिकमधून कोथरूडला पोचून जेवण होईस्तोवर दहा वाजतात. कट्ट्यावर जायला वेळ नाही. मग मित्र, चिडवाचिडवी, टेस्टचे मार्क, रुसवेफुगवे, सगळं त्यानंतर, अंथरुणात, फोनवर. कापली जाते ती झोप. दिवसाचे किती तास, यापेक्षा मला ही वेळ जास्त खटकते. क्लास कमी करा म्हणत असाल, तर मी तुमच्याच बाजूची आहे.

टीव्हीचं म्हणाल, तर टीव्ही आठवीतल्या मुलीचा फोटो अख्ख्या वर्गापुढे मांडून कौल मागत नव्हता. इन्स्टाग्रामची मालक असलेल्या फेसबुक कंपनीची अंतर्गत कागदपत्रं २०२१मध्ये फुटली. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याचं त्यांत होतं. विचारणारी कंपनीच होती, मी नव्हे.

बंदीचा आग्रह मात्र माझ्या लेखात नव्हताच. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालच्यांची सोशल मीडियावरची खाती बंद केली. त्याचं काय होतं ते बघू. मला जास्त भावतं ते सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथे २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, थोरांचेसुद्धा. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सुचवलं, तर पहिला विरोध आजोबा मंडळींकडून आला.