बर्फातला खाणीचा दगड गप्प बसत नाही

जळगाव-भुसावळच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: "कॅनडा-अलास्कात खाणीचा टाकाऊ दगड गोठलेला असतो, म्हणून तिथं आम्लपाणी होत नाही. आपल्याकडं ४५ अंशांत तोच दगड तापतो, म्हणून आपल्या खदानींचं पाणी आंबट आणि विषारी." यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी आम्ल येतं कुठून ते बघू. दगडात पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं पिवळं चमकदार खनिज असलं आणि त्याला हवा-पाणी लागलं, की गंधकाम्ल तयार होतं. दगडातला चुना ते मारतो. केळीच्या ड्रीपला ॲसिड देताना ड्रिपरवरचा पांढरा थर फेसाळून जातो ना, तीच ही क्रिया. पायराइटच्या रूपात १ टक्का गंधक असेल, तर टनामागे सुमारे ३१ किलो चुनखडी लागते. तेवढी नसली की आज ना उद्या पाणी आंबट होतं. या जमाखर्चात तापमान येतच नाही. ते फक्त वेग ठरवतं.

"गोठलं की क्रिया थांबते." थांबत नाही, मंदावते. २५ अंशांना जो वेग असतो त्याचा साधारण पाचवा-सहावा हिस्सा ४ अंशांना उरतो, आणि ढिगाला घाई नसते. कॅनडाच्या युकॉन प्रांतातली फॅरो खाण १९९८ ला बंद पडली. तिथं सुमारे ३२ कोटी टन टाकाऊ दगड पडून आहे; अशा ढिगात मंद क्रियाही वर्षानुवर्षं चालू राहू शकते. शिवाय पायराइट झिजताना उष्णता सोडतं. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर जमीन कायम गोठलेली, तरी कोळसा खाणीच्या एका ढिगाचं पोट हिवाळ्यातही ५ अंशांच्या आसपास राहिलेलं मोजलंय. पायराइट खाणारे काही जिवाणूही तेवढ्या थंडीत काम करतात.

सगळ्यात बोलका पुरावा कॅनडातल्या डायविक हिऱ्यांच्या खाणीचा. वर्षाचं सरासरी तापमान शून्याखाली ९ अंशांच्या आसपास. तिथं अभ्यासासाठी १५ मीटर उंचीचे ढीग रचले. त्यातल्या एकात गंधक ०.१ टक्क्यापेक्षाही कमी होतं, पण ग्रॅनाइटमध्ये चुना जवळपास नव्हताच. त्या ढिगाच्या पाण्याचा सामू (pH; ७ च्या खाली म्हणजे आंबट) ५ च्या खाली उतरला.

"हिवाळ्यात पाणी वाहत नाही, मग प्रदूषण कसलं?" इथंच खरी गोम आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, दगड फोडतं आणि आतला ताजा पृष्ठभाग उघडा पाडतं. बर्फ क्षार सामावून घेत नाही; ते उरलेल्या थोड्या पाण्यात दाट होत जातात. बर्फ वितळला की महिनोन्‌महिने साठलेलं सगळं थोड्याच दिवसांत खाली येतं. मृगाच्या पहिल्या पावसात नाल्याला येणारं पाणी आठवा, तसंच. म्हणून तिथं वितळणी संपल्यावर, ऑगस्टमध्ये एकच नमुना घेऊन "पाणी स्वच्छ" म्हणणं ही घोडचूक. वितळणीच्या काळात दर दोन-तीन दिवसांनी नमुना घ्यायला हवा. आणि सामू ७ आला म्हणून सुटका नाही: जस्त, निकेल, आर्सेनिक तेवढ्या सामूलाही विरघळलेले राहू शकतात.

आता आपल्या खदानी. खानदेशातला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात पायराइट नगण्य, आणि पोकळ्यांत कॅल्साइट (चुन्याचं खनिज) व झिओलाइट ही खनिजं भरलेली. सावद्याकडचे स्फटिक त्याचेच. पोकळीतल्या पांढऱ्या कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाका, लगेच फेस येईल. असा दगड ४५ अंशांतही पाणी आंबट करत नाही.

त्रास नाही असं मात्र अजिबात नाही. क्रशरची धूळ आहे, कुंपण नसलेले खोल खड्डे आहेत, सुरुंगाच्या दारूतून पाण्यात उतरणारं नायट्रेट आहे. तक्रार करायची तर नमुन्यात सामूबरोबर सल्फेट, नायट्रेट आणि गढूळपणा मोजून घ्या. आम्ल चुन्यानं मारलं गेलं तरी सल्फेट पाण्यात मागं राहतं, त्यामुळं पायराइट झिजतोय की नाही ते त्या एका आकड्यावरून बरंचसं कळतं.