खुलासा : ‘प्रोटीन निल’ म्हणजे किडनी ठणठणीत, असं नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मधुमेहींसाठी एक मेसेज फिरतोय : ‘लघवीला फेस नाही, साध्या तपासणीत प्रोटीन निल आणि क्रिएटिनिन नॉर्मल, मग वेगळी टेस्ट कशाला?’ हे चुकीचं आहे, आणि धोक्याचंही.

साध्या तपासणीतली पट्टी लघवीतलं अल्ब्युमिन (किडनीतून गळणारं प्रोटीन) बरंच वाढल्यावरच रंग बदलते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो कचरा, तेही उशिरा चढतं. सुरुवातीची गळती कळते ती ‘युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’मध्ये. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक. ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू. ३०० च्या वर गंभीर. वाढलेला आकडा फक्त किडनीचा नसतो, हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोकाही तो दाखवतो. म्हणून टाइप टूमध्ये निदान झाल्यापासूनच दरवर्षी ही टेस्ट हवी, सोबत ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा रक्ततपासणीवरून काढलेला अंदाज.

नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम असेल तर आकडा खोटा वाढतो, थांबा. एकाच रिपोर्टवर घाबरूही नका : तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच निदान पक्कं धरतात.

मेसेजच्या शेवटी ‘बीपीच्या गोळ्या किडनी बिघडवतात, बंद करा’ असंही आहे. कृपया असं करू नका. त्यातल्या काही, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, हीच गळती कमी करतात. बदल डॉक्टरांना विचारूनच.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.