एमजी पाळावी कशी?

इंग्लंडात स्थिरावलेल्या मराठी माणसाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते, की घराचे हप्ते संपत आलेले असतात, मुलं युनिव्हर्सिटीत पांगलेली असतात आणि रविवारी वरणभात जेवून उठल्यावर पुढे काय, हा प्रश्न आ वासून उभा राहतो. काही जण बागेत टोमॅटो लावतात. काही जण मंडळाच्या कार्यकारिणीत शिरून गणपतीच्या वर्गणीवरून भांडतात. तुम्हाला यातलं काहीच जमणार नसेल आणि शिल्लक पैसा, धडधाकट कंबर व घरातली शांतता ही तिन्ही ओझी एकदमच उतरवायची असतील, तर जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. कुठली म्हणाल, तर एमजीबी. सुरुवातीला तीच बरी. मुरलेले लोक पुढे लोटसकडे वळतात, पण तो थेट संन्यासाश्रम झाला.

घेतल्यावर पुण्यातल्या मेव्हण्याला फोन करून "एमजी घेतली" असं मात्र सांगू नका. तो विचारेल, "हेक्टर का? सनरूफवाली?" मग त्याला ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅराजेसपासून सुरुवात करून ॲबिंग्डनचा कारखाना, 1962 साली आलेली एमजीबी, ऑक्टोबर 1980 मध्ये त्या कारखान्याला लागलेलं कुलूप आणि तोच अष्टकोनी बिल्ला हिंडत हिंडत चिनी कंपनीच्या गाडीवर कसा जाऊन बसला, हे सगळं ऐकवावं लागेल. सगळं ऐकून झाल्यावर तो विचारेल, "ॲव्हरेज किती देते?"

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. ही गाडी दुर्मिळ नाही. पाच लाखांहून जास्त बनल्या. त्यामुळे तिचा प्रत्येक नट, प्रत्येक रबर, प्रत्येक बटण आजही मिळतं. इतकंच काय, 1988 पासून हिची अख्खी नवी बॉडीसुद्धा विकत मिळते, जुन्याच साच्यांवर ठोकलेली. नवख्याला वाटतं, वा, किती सोय! थोडं थांबून विचार करा. इतर गाड्यांच्या मालकाला एक दिवस "पार्टच मिळत नाही हो" असं म्हणून सन्मानाने हात टेकता येतात. तुम्हाला ती मुभा नाही. कुठलीच एमजीबी कधीच मरत नाही आणि म्हणूनच कुठलीच कधी पुरी होत नाही. हे ज्याला उमगलं, त्याची निम्मी तयारी झाली.

आता खरेदी. रंग बघून घ्या. लाल किंवा गडद हिरवा, वर क्रोमची चमक, आत काळ्या सीटवर पांढरी शिवण. एवढं असलं की खाली वाकून बघायचं कारण नाही. काही खडूस लोक लोहचुंबक घेऊन जातात आणि दाराखालच्या उंबरठ्यावर, म्हणजे सिलवर, लावून बघतात. चुंबक चिकटला तर पत्रा, घसरला तर पुट्टी. असला अविश्वास तुम्हाला शोभणार नाही. या गाडीला वेगळी चॅसी नाही, डोक्यावर छप्पर नाही, सगळं अंग त्या दोन उंबरठ्यांवर तोललेलं असतं, आणि तो उंबरठा एका पत्र्याचा नसून आत एक, मध्ये एक, बाहेर एक असा थरांचा असतो, ही माहिती घेऊन तुम्हाला काय करायचंय? इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ फेकतात. ते मीठ पन्नास-साठ वर्षं त्या थरांच्या मधे बसून लोणचं घालावं तसा पत्रा मुरवत असतं. बाहेरचा थर मात्र नवाकोरा दिसतो, कारण तो खरोखरच नवाकोरा असतो. मागच्याच महिन्यात गंजावर झाकण म्हणून वेल्ड केलेला.

दार लावताना जरा उचलून घ्यावं लागलं, तर ते वयाचं दुखणं समजा. तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असलं, तर पाहुणचाराची रीत समजा. शिवाय चाळिशी उलटलेल्या गाडीला 2018 पासून इथे दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही. रोड टॅक्सही लागत नाही. म्हणजे गाडीखाली डोकं घालून "साहेब, हे बघा" असं म्हणणारा एकमेव तटस्थ माणूस सरकारनेच तुमच्या वाटेतून दूर केला. गाडी सुरक्षित ठेवायची कायदेशीर जबाबदारी तेवढी तुमच्याकडे ठेवली आहे.

गाडी घरी आली की पहिल्याच शनिवारी तुमची एका महापुरुषाशी ओळख होईल. त्यांचं नाव मागचा मालक. त्यांना तुम्ही कधी भेटणार नाही, पण त्यांचं अक्षर ओळखू लागाल. डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणे पडा, पाय सीटच्या पाठीवर, तोंडात टॉर्च. ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगला रंगांची शिस्त असते. बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी, अर्थिंगची काळी, इग्निशननंतरची पांढरी, फ्यूजमधून गेलेली हिरवी, हेडलाइटची निळी. अगदी साग्रसंगीत मांडणी. आणि या सगळ्यातून एक वायर अशी निघते, जी दारावरच्या घंटीची आहे. ती कुठून येते ते दिसतं, कुठे जाते ते दिसत नाही. मध्येच तिला चिकटपट्टीचा एक जाड गोळा आहे. तो सोडवू नका. माझ्या गाडीत मी असा एक गोळा सोडवला होता. आत दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन ठेवलेल्या होत्या, त्यावर स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक स्क्रू आडवा बांधला होता, आणि तो काढताक्षणी मागचे दिवे गेले, ते तीन आठवडे आले नाहीत. मागच्या मालकाला मी मनसोक्त शिव्या घातल्या. मग त्याच गोळ्यावर मीही चिकटपट्टी गुंडाळली. पुढच्याला काहीतरी सापडायला नको का?

विजेचा विषय निघालाच आहे तर बॅटरीही बघून ठेवा. बॉनेट उघडून शोधाल तर सापडणार नाही. 1974 पर्यंतच्या गाड्यांत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटच्या मागे, गालिच्याखाली, झाकणाखाली, एक डावीकडे एक उजवीकडे. बघायला जाताना सीट पुढे सरकवायची, गालिचा गुंडाळायचा, झाकण उचलायचं. पाणी घालायला विसरावं म्हणूनच ती जागा निवडली असणार. 1967 पर्यंतच्या गाडीत तर अर्थिंग पॉझिटिव्ह असतं, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक गाडीच्या अंगाला. तुमच्या नव्या रेडिओला हे माहीत नसतं. त्याला आधी सांगू नका, तो आपोआप शिकेल. या गाड्यांचं विजेचं सामान ज्यांच्या कंपनीचं, त्या जोसेफ लुकस यांना जुन्या मालकांच्या विनोदात "अंधाराचा राजपुत्र" ही पदवी दिलेली आहे. पण खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा त्या बिचाऱ्यांचा काहीच दोष नसतो. एखादं अर्थिंगचं टोक गंजलेलं असतं, सँडपेपरने घासलं की दिवा लागतो. ही माहिती मात्र चारचौघांत सांगू नका. तुमच्या दुःखाची किंमत कमी होते.

पान्यांवर पैसे खर्च करायची हौस असेल तर एमजीबी थोडी निराश करते. बहुतेक नट इंचातल्या एकाच जातीच्या पान्यांनी उघडतात. खरी मजा हवी असेल तर चाळिशीच्या दशकातली एमजी टीसी गाठा. पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने कॉव्हेंट्रीला कारखाना टाकला, यंत्रं सगळी मेट्रिक. पुढे 1923 मध्ये मॉरिस साहेबांनी तो विकत घेतला. आता यंत्रं बदलायची तर खर्च, आणि इंग्रज मेकॅनिकच्या हातात मेट्रिक पाना द्यायचा तर क्रांती. तोडगा निघाला. मॉरिसच्या इंजिनांत, आणि म्हणून टीसीच्याही, बोल्टचे आटे मेट्रिक, डोकं व्हिटवर्थच्या म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचं. पाना इंग्रजी, आटा फ्रेंच. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन असा बोल्ट मागून बघा. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचा भाव पाहायला तरी जाच.

पण या सगळ्या साधनेचा गाभा म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा कार्ब्युरेटर. एसयू कंपनीचे दोन, शेजारी शेजारी, वर पितळी टोपणं. त्यात चमचाभर तेल घालायचं असतं, हे कुणी तुम्हाला सांगणार नाही. ते आटलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी आधी विचार करते आणि मग निघते. हे दोघे एका सुरात लावायचे. घरात कुणी तंबोरे जुळवताना ऐकले असतील तर अंदाज येईल. आधी टॅपेट, पॉइंट, प्लग, टायमिंग सगळं नीट करून घ्यायचं, नाहीतर बेसूर दुसरीकडचा असतो आणि कान आपण इथे पिळत बसतो. (अर्थात तुम्ही ते करू नका. थेट इथूनच सुरुवात करा, म्हणजे पुढचे चार रविवार पक्के.) मग एअर फिल्टर काढा. इंजिन चालू ठेवा. हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाला, दुसरं पहिल्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. "स्स्स" असा आवाज येतो. आता दुसऱ्याच्या तोंडाशी. इथे तो जरा खालच्या पट्टीत येतो. स्क्रू पाव फेरा फिरवा. पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. थंडीत नाक गळतंय, पंखा बोटभर अंतरावर फिरतोय, मफलर आत टाका, आणि दोन्ही "स्स्स" एकच होईपर्यंत ऐकत राहा.

मग मिश्रण. कार्ब्युरेटरच्या पोटाशी एक खिटी असते, ती बोटाने हलकेच वर दाबायची म्हणजे आतला दट्ट्या केसभर उचलला जातो. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. गुदमरलं तर कमी. किंचित वाढून पुन्हा खाली बसलं तर बरोबर. बरोबर नसेल तर खालचा षटकोनी नट एका पैलूने फिरवायचा. एका पैलूने, दोन नव्हे. हे करता करता संध्याकाळचे सहा वाजतात, हात काळे होतात, आणि एका क्षणी ते इंजिन असं काही घुमायला लागतं की गॅरेजच्या फळीवरचा चहाचा कपसुद्धा थरथरायचा थांबतो. हा क्षण धोक्याचा आहे. त्यावर पुढे येतो.

पेट्रोलचंही एक पथ्य आहे. 2021 पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते पचत नाही. म्हणून शहाणी माणसं महागातलं घेतात आणि नळ्याही बदलतात. तुम्ही नळ्या तशाच ठेवा. पेट्रोलच्या वासाने गॅरेजला वेगळंच वातावरण येतं. पेट्रोलचा पंप मागच्या उजव्या चाकाजवळ असतो, चावी फिरवली की "टक टक टक" करतो आणि भरलं की गप्प बसतो. तो भलत्या वेळी गप्प बसला तर गाडी रस्त्याकडेला घ्या, खाली वाका आणि चाक खोलायच्या हातोडीने त्याच्या डोक्यात टपली मारा. आतले पॉइंट चिकटलेले असतात, ते सुटतात. सुटाबुटातला माणूस भर हमरस्त्यावर ढोपरं टेकून आपल्याच गाडीला मारतोय हे दृश्य पाहून मागच्या गाड्या आपोआप हळू होतात. वाहतूक सुरक्षिततेला तेवढाच हातभार.

तारांची चाकं मात्र घ्याच. साधी चाकं कुणीही वापरतो. एका चाकाला 60 आरे, स्टेपनी धरून 300. दिवाळीआधी तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासणाऱ्या आजीची आठवण येत असेल तर ती इथे जिवंत होईल, फक्त वर्षातून एकदा नव्हे, दर पावसानंतर. आणि पाऊस इथे कधी पडतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पावसात हूड चढवायचा की नाही, हाही प्रश्न येईल. सुरुवातीच्या गाड्यांत सांगाडा वेगळा, कापड वेगळं, दोन्ही डिकीत, आणि जोडणी अशी की ती पुरी होईपर्यंत सर थांबते. जुने लोक सांगतात, वेग ठेवा, पाणी काचेवरून डोक्यावरून निघून जातं. खरं आहे. सिग्नल लागेपर्यंत.

लोकांचं काय, तर लोक प्रेम करतात. पेट्रोल भरायला थांबलात की कुणीतरी येऊन म्हणणारच, "माझ्या वडिलांकडे अशीच होती." तुमच्या तोंडावरून तुमच्या वडिलांकडे बजाज चेतक होती हे त्याला कळू देऊ नका. शांतपणे मान हलवा. तो मग सांगेल की वडिलांनी ती का विकली. ते नीट ऐका, कारण ते कारण तुमच्याही वाट्याला येणार आहे.

आता तो धोक्याचा क्षण. जूनमधली एखादी सकाळ असेल. बायकोने थालीपिठाचा डबा, पाण्याची बाटली घेतली असेल, डोक्याला रुमाल बांधून शेजारच्या सीटवर बसली असेल. तुम्ही चोक ओढाल, चावी फिरवाल. टक टक टक, शांतता, आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू होईल. दिवे लागतील. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर. गाडीखाली तेलाचा ठिपकासुद्धा नसेल. काही म्हणजे काही बाकी राहिलेलं नसेल.

"अहो, झाली ना सुरू? मग निघूया की."

घाबरू नका. उतरा, बॉनेट उघडा, कान पुढे करा. नीट ऐकलं तर मागचा कार्ब्युरेटर किंचित, अगदी किंचित खालच्या पट्टीत आहे. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढा.

"दोन मिनिटं," म्हणा.